घरचं रुबिडियम, जुना काउंटर आणि एक सपाट रेघ

लोलक (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न आडवळणाचा आहे, पण इथे सोल्डरचा वास आवडणारे बरेच आहेत म्हणून टाकतो.

टेलिकॉमच्या भंगारातून दोन वस्तू हाती लागल्या. एक रुबिडियम ऑसिलेटर, म्हणजे रुबिडियमच्या अणूंवर चालणारं घड्याळ, आणि एक ओसीएक्सओ, म्हणजे छोट्या भट्टीत बसवलेला क्वार्ट्झ. दोन्ही १० मेगाहर्ट्झचे. दोघांना भागून सेकंदाला एकेक पल्स काढली. रुबिडियमची स्टार्टला, ओसीएक्सओची स्टॉपला, आणि मधलं अंतर एका जुन्या टाइम इंटरव्हल काउंटरने दर सेकंदाला नोंदवलं. काउंटर १ नॅनोसेकंदापर्यंत दाखवतो. त्याला बाहेरचा संदर्भही रुबिडियमचाच दिलाय. चार दिवस चालवलं, ३,४५,६०० ओळी झाल्या. ओसीएक्सओ ट्रिम केलेला नाही, साधारण ०.२३ हर्ट्झने पुढे पळतो. त्याची फिकीर नाही, मला स्थैर्य मोजायचंय.

१०० सेकंदांच्या सरासऱ्या काढल्या आणि एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं. (ई-१२ म्हणजे दशलक्षांशाचा दशलक्षांश.)

पहिला तास: ६ई-१२
पहिला दिवस: १.७ई-११
चारही दिवस: ५.९ई-११

जास्त मोजलं की आकडा सुधारतो असं शाळेपासून ऐकलंय. इथे जितकं जास्त मोजावं तितकं वाईट. काउंटर बिघडलाय की मी?

चहाबिस्किट

दुसऱ्या परिच्छेदात माझी विकेट पडली. तरी एक बाळबोध प्रश्न: घड्याळ पुढे पळतंय आणि त्याची फिकीर नाही? मग घड्याळ कशाला म्हणायचं?

घटिकापात्र

चहाबिस्किट, प्रश्न बाळबोध नाही. आमच्या वाड्यात चावीचं घड्याळ होतं, रोज बरोब्बर ३ मिनिटं पुढे जायचं. आजोबा दर शनिवारी चावी देताना काटे २१ मिनिटं मागे घ्यायचे आणि बाकी आठवडा मनातल्या मनात वजाबाकी करून एसटी गाठायचे. शेजारच्यांचं घड्याळ आज २ मिनिटं पुढे, उद्या ४ मागे. महिन्याची सरासरी काढली तर बरोबर, पण त्याच्या भरवशावर एसटी मिळायची नाही. आमच्या घड्याळाला अचूकता नव्हती, स्थैर्य होतं. लोलक त्याच्या मागे आहे.

लोलक, तू बिघडलेला नाहीस. स्टँडर्ड डेव्हिएशन विचारतं, 'सरासरीपासून किती लांब?' त्यात सरासरी एका जागी बसून आहे हे गृहीत धरलेलं असतं. तुझ्या क्वार्ट्झची सरासरी स्वतःच चालतेय. खांबापासून अंतर मोजायला गेलास आणि खांबालाच पाय फुटलेले. जितका वेळ थांबशील तितका खांब लांब. फ्लिकर आणि रँडम वॉक जातीच्या, म्हणजे संथ भरकटणाऱ्या फ्रिक्वेन्सी नॉईजमध्येही असंच होतं, डेटा वाढवत गेलास की आकडा कुठे स्थिरावतच नाही.

याच अडचणीवर डेव्हिड ॲलन यांनी तोडगा काढला. ते अमेरिकेत बोल्डरला, तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत होते. त्यांचा लेख फेब्रुवारी १९६६ च्या प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईईमध्ये आला. युक्ती अशी: सरासरीशी तुलना करूच नका, शेजाऱ्याशी करा. आत्ताच्या १०० सेकंदांची फ्रिक्वेन्सी आणि लगेच पुढच्या १०० सेकंदांची, एवढाच फरक. त्याचा वर्ग, सगळ्या वर्गांची सरासरी, तिचे निम्मे, मग वर्गमूळ. हेच ॲलन डेव्हिएशन, आणि ते १०० सेकंद म्हणजे टाऊ.

तुझ्याकडे तर फेज आहे, म्हणजे दोन पल्समधलं अंतरच, आणखी सोपं. टाऊ सेकंदांच्या अंतराने घेतलेली लागोपाठ तीन वाचनं क, ख, ग. (ग − २ख + क) याचा वर्ग कर, सरासरी काढ, २ × टाऊ वर्ग याने भाग, वर्गमूळ घे. तुझे ते ०.२३ हर्ट्झ या वजाबाकीत आपोआप उडतात.

वेगवेगळ्या टाऊला काढ, तक्ता इथे टाक. आलेख नको, आलेखात माणूस हवं ते बघतो.

सोल्डरची_वाफ

पायथनमध्ये ॲलनटूल्स वापर, हाताने सूत्र लिहू नकोस. आलेख जिवंत वाढताना बघायचा असेल तर टाइमलॅब.

वाचनखूण साठवली.

लोलक

काका, भारी. एका रात्रीत झालं. हा घ्या तक्ता:

१ सेकंद: ५.०ई-१०
१० सेकंद: ५.०ई-११
१०० सेकंद: ५.४ई-१२
३०० सेकंद: ४.३ई-१२
६०० सेकंद: ४.०ई-१२
१०,००० सेकंद: ४.२ई-१२

आधी सरळ घसरण, मग १०० पासून १०,००० पर्यंत जवळजवळ सपाट! वाचलं त्याप्रमाणे सपाट म्हणजे फ्लिकर फ्रिक्वेन्सी नॉईज, आणि तोच ऑसिलेटरचा तळ. म्हणजे माझ्या जोडीचा तळ ४ई-१२. बरोबर ना?

सोल्डरची_वाफ

अभिनंदन! भंगारातल्या मालाला वाईट नाही. पेढे कधी?

घटिकापात्र

पेढे थांबवा.

आधी उतारांचं एकदा सांगतो, नंतर येणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. दोन्ही अक्ष लॉगचे. टाऊ दहापट वाढवल्यावर आकडा दहापट खाली आला तर व्हाईट फेज (प्रत्येक वाचनाला नवी, स्वतंत्र चूक) किंवा फ्लिकर फेज नॉईज. हा बहुधा मोजणाऱ्या यंत्राचा, ॲम्प्लिफायरचा, ट्रिगरचा असतो. दहापटीला साधारण ३ पट खाली म्हणजे व्हाईट फ्रिक्वेन्सी. रुबिडियम, सीझियम यांचा हा घरचा रंग. सपाट म्हणजे फ्लिकर फ्रिक्वेन्सी, क्वार्ट्झची ओळख. दहापटीला ३ पट वर म्हणजे रँडम वॉक, झिंगलेल्याची चाल, बहुतेक वेळा आजूबाजूच्या हवामानाची देणगी. दहापटीला दहापट वर गेलं तर तो नॉईजच नाही, तो ड्रिफ्ट. ऑसिलेटर म्हातारा होतोय.

हे पाठ करायला दहा मिनिटं लागतात, आणि पाठ झालं की माणूस लोलकसारखा फसतो. मीही फसलोय. २६ वर्षं कॅलिब्रेशनमध्ये काढली, त्यातली पहिली दोन याच्यातच गेली.

तुझी पहिली ओळ बघ. १ नॅनोसेकंदाला गोल करताना होणारी चूक ०.२९ नॅनोसेकंद असते, १ भागिले वर्गमूळ १२. व्हाईट फेज नॉईजचं ॲलन डेव्हिएशन म्हणजे वर्गमूळ ३ × ती चूक ÷ टाऊ. गुणाकार कर. बरोबर ०.५ नॅनोसेकंद ÷ टाऊ. १ सेकंदाला ५ई-१०, १० ला ५ई-११, १०० ला ५ई-१२. तुझा तक्ता बघ आणि हे बघ. १ ते १०० सेकंदांत तू रुबिडियम मोजलेलं नाहीस आणि क्वार्ट्झही नाही. काउंटरचा शेवटचा अंक मोजलास.

लोलक

अरे देवा. म्हणजे दोन रेघांपैकी एक गेली.

खात्री करायला रुबिडियमची एकच पल्स दोन केबलने दोन्ही इनपुटना दिली. एक तास. प्रत्येक ओळीत तोच आकडा, २१ नॅनोसेकंद. ॲलन डेव्हिएशन शून्य! मग काउंटर परिपूर्ण आहे की हो?

घटिकापात्र

हाहा. काउंटरचा संदर्भ रुबिडियम, स्टार्ट रुबिडियम, स्टॉपही रुबिडियम. तिघं एकाच तालावर. अंक हलणार कसा? पट्टीने तिचीच लांबी मोजलीस. संदर्भाची केबल काढ, काउंटरला त्याच्या आतल्या क्रिस्टलवर चालू दे, मग बघ.

आणि तुझं नशीब की ओसीएक्सओ ट्रिम केलेला नव्हता. तो सेकंदाला २३ नॅनोसेकंद सरकतोय म्हणून शेवटचा अंक सगळीकडे फिरला. अगदी जुळवून ठेवला असतास तर कित्येक मिनिटं एकच आकडा दिसला असता आणि आलेख फार देखणा आला असता.

लोलक

आतल्या क्रिस्टलवर: १ सेकंदाला ६ई-१०. पटलं.

टिळकरोड_ते_आइंडहोवन

काकांना दुजोरा म्हणून माझी फजिती. मी टाइम इंटरव्हल न वापरता काउंटर फ्रिक्वेन्सी मोडवर ठेवला आणि गेट, म्हणजे एका मोजणीचा वेळ, १, १०, १०० सेकंद बदलत गेलो. लॉगच्या आलेखावर उतार आला −१.५ (−१ म्हणजे दहापटीला दहापट खाली). मी आनंदात, आपला ऑसिलेटर काहीतरी वेगळाच आहे! पण ॲलन डेव्हिएशनमध्ये नेहमीच्या पाच नॉईजपैकी एकही −१ पेक्षा जास्त घसरत नाही. काउंटर एका गेटच्या पोटात हजारो वाचनं घेऊन परस्पर सरासरी करत होता. अंक जास्त दिसावेत म्हणून बरेच नवे काउंटर हे करतात. त्या आकड्यांवर ॲलनचं सूत्र लावलं की निघतं ते जवळपास मॉडिफाइड ॲलन डेव्हिएशन, आणि लेबल आपण ॲलनचं चिकटवतो.

मॉडिफाइड वाईट नाही हं. १९८१ मध्ये ते आलंच यासाठी की साध्या आलेखात व्हाईट फेज आणि फ्लिकर फेज दोन्ही −१ वर एकमेकांवर बसतात. मॉडिफाइडमध्ये व्हाईट −१.५ वर जातो, फ्लिकर −१ वरच राहतो. फक्त आपण काय काढतोय ते माहीत हवं.

चहाबिस्किट

मला अर्धं कळतंय, पण कोणीतरी पकडलं जाणार असं वाटतंय. वाचतोय.

घटिकापात्र

आता उरली ती सपाट रेघ. लोलक, दोन कामं.

पहिलं, ड्रिफ्ट काढ. फ्रिक्वेन्सीच्या डेटाला सरळ रेषा बसव आणि वजा कर. रेषेचा उतारही सांग.

दुसरं, ६०० सेकंदांच्या सरासऱ्यांचा एक स्तंभ कर, शेजारी तोच स्तंभ एक ओळ सरकवून ठेव आणि एक्सेलचं कोरेल लाव. शेजाऱ्याशेजाऱ्यांचा सहसंबंध. व्हाईट फेज असेल तर −०.५ च्या आसपास येतो, कारण एका टोकाला झालेली चूक एकदा अधिक आणि लगेच एकदा वजा मोजली जाते. व्हाईट फ्रिक्वेन्सीला ०. फ्लिकर आणि रँडम वॉकला अधिक, कारण तिथे शेजारी एकमेकांना धरून असतात. उताराकडे डोळे बारीक करून बघण्यापेक्षा हे बरं. स्टेबल३२ या सॉफ्टवेअरमधली नॉईज ओळखायची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. मात्र ड्रिफ्ट न काढता लावलंस तर +१ येईल आणि काहीही कळणार नाही.

आणि ६०० ते १०,००० मध्ये एकही बिंदू का नाही?

लोलक

आळस, काका.

ड्रिफ्ट: दिवसाला ५ई-११.
१ सेकंदाला सहसंबंध: −०.४९. म्हणजे काउंटर, मान्य.
६०० सेकंदांना, ड्रिफ्ट काढून: −०.७१.

मधले बिंदू, ड्रिफ्ट न काढता:
४५० सेकंद: ४.६ई-१२
९०० सेकंद: २.३ई-१२
१,२०० सेकंद: १.६ई-१२
२,००० सेकंद: १.८ई-१२

सपाट रेघेच्या मधोमध खड्डा! आणि −०.७१ तर तुमच्या यादीत कुठेच नाही.

घटिकापात्र

नाहीच. कारण तो नॉईज नाही.

शेजारी एकमेकांच्या उलट जातायत. एक वर, पुढचा खाली, पुढचा परत वर. ६०० सेकंदांना हे होतंय म्हणजे १,२०० सेकंदांची लाट आहे. अशा लाटेचं ॲलन डेव्हिएशन तिच्या आवर्तनाच्या सुमारे ०.३७ पटीवर सगळ्यात उंच असतं, इथे ४४५ सेकंद, आणि पूर्ण आवर्तनावर जवळजवळ नाहीसं होतं. तुझा ४५० चा उंचवटा आणि १,२०० चा खड्डा हेच सांगतायत.

१०,००० चा बिंदू वेगळ्याच कारणाने वर आहे. ड्रिफ्टचा वाटा म्हणजे ड्रिफ्ट × टाऊ ÷ वर्गमूळ २. दिवसाला ५ई-११ म्हणजे सेकंदाला ५.८ई-१६. १०,००० ने गुणून १.४१ ने भाग: ४.१ई-१२. त्या बिंदूत दुसरं काही फारसं नाहीच. तुझ्या अगदी पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चार दिवसांच्या सरळ उताराचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे एकूण चढ ÷ वर्गमूळ १२. २०ई-११ ला ३.४६ ने भागलं की ५.८ई-११. तुला ५.९ आलं होतं.

म्हणजे १०० ला काउंटर, ३०० ते ६०० ला लाट, १०,००० ला म्हातारपण. तीन परके एका उंचीवर ओळीत उभे राहिले आणि आपण त्यांना एकाच घरचे समजलो.

आता सांग, तुझ्या खोलीत दर २० मिनिटांनी काय होतं?

लोलक

...एसी.

नागपूर, मे महिना, एसी २४ तास चालू. जुना आहे, इन्व्हर्टरवाला नाही. कॉम्प्रेसर चालू, बंद, चालू, बंद. आत्ता घड्याळ लावून बसलो: १९ मिनिटं ४० सेकंद.

चहाबिस्किट

चोर सापडला!!! पण काका, नाव घटिकापात्र आणि घटिका तर २४ मिनिटांची. ४ मिनिटं कमी पडली.

घटिकापात्र

नागपूरच्या उन्हात पात्र लवकर बुडतं.

मुक्काम_नारायणगाव

'हा नॉईज नक्की कोणाचा' हा प्रश्न आमच्या गावाशेजारी फार मोठ्या मापात चालतो, म्हणून राहवलं नाही. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना. तिथून मिलिसेकंद पल्सारांची, म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा फिरणाऱ्या मृत ताऱ्यांची, टिकटिक वर्षानुवर्षं नोंदवतात. पल्सार म्हणजे फुकटचं घड्याळ, पण त्याच्या वेळेत संथ, लांब पल्ल्याचा 'लाल' नॉईज दिसतो. तो पल्सारच्या स्वतःच्या फिरण्यातला असू शकतो, वाटेतल्या विद्युतभारित वायूचा असू शकतो, पृथ्वीवरच्या घड्याळाचा, ग्रहांच्या स्थानांच्या गणितातल्या चुकीचा किंवा गुरुत्वीय लहरींचा.

वायू ओळखू येतो, कारण त्याचा उशीर रेडिओच्या फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जीएमआरटी कमी फ्रिक्वेन्सीला ऐकते, तिथे हा उशीर ठळक दिसतो. घड्याळ चुकलं तर सगळ्या पल्सारांत एकाच वेळी, एकसारखी चूक दिसते. गुरुत्वीय लहर असेल तर दोन पल्सारांमधल्या आकाशातल्या कोनाप्रमाणे सहसंबंध बदलतो. जून २०२३ मध्ये जगभरच्या पल्सार गटांनी अशा लहरींचे पुरावे मांडले, त्यात युरोपच्या गटाबरोबर भारतीय गटाचा डेटा होता. एकाच घड्याळाच्या आलेखावरून हे कोणालाच सांगता आलं नसतं. पुष्कळ घड्याळं एकमेकांसमोर ठेवावी लागली.

सोल्डरची_वाफ

नारायणगाव, भारी प्रतिसाद, यावर वेगळा धागा हवा.

लोलक, उपाय सोपा. ओसीएक्सओवर थर्माकोलचा डबा उपडा घाल. क्वार्ट्झला हवा लागते, दुसरं काय.

लोलक

घातला. दोन थर, वर सतरंजी. दोन दिवस चालवलं.

४५० सेकंदांना ४.५ई-१२. काहीही फरक नाही.

सोल्डरची_वाफ

मग तिसरा थर?

घटिकापात्र

नको, सतरंजी काढ. तो डबा उत्तम काम करतोय, पण चोराच्या घराला कुलूप लावायच्या ऐवजी आपण शेजाऱ्याच्या घराला लावलं.

आलेखात दोघांची बेरीज असते, कोणाचा वाटा किती ते तो सांगत नाही. रुबिडियम म्हणजे अणू, अणू म्हणजे पक्का, असं आपण धरून चाललो. दीर्घकाळाच्या ड्रिफ्टमध्ये ते खरं आहे, ते दिवसाला ५ई-११ बहुतेक क्वार्ट्झचेच. पण रुबिडियमच्या खोक्यातला दिवा, काचेची कुपी, चुंबकीय क्षेत्र यांना तापमान कळतं. उघड्या खोक्याच्या बुडाशी एसीचा झोत येत असेल तर ते डोलणारच.

मात्र रुबिडियमला थर्माकोलमध्ये कोंडू नकोस! ते स्वतः भरपूर तापतं, उष्णता बाहेर जायला वाट लागते. जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसव आणि झोत अडवायला नुसता पुठ्ठा उभा कर. ठोकळ्याला तापायला-निवायला वेळ लागतो, २० मिनिटांची लाट त्यात विरेल.

लोलक

लेथवाल्या मित्राकडून ५ किलोचा ठोकळा आणला. पुठ्ठा कुलरच्या खोक्याचा. तीन दिवसांचा डेटा, ड्रिफ्ट काढून:

१०० सेकंद: ५.२ई-१२
३०० सेकंद: २.२ई-१२
४५० सेकंद: १.७ई-१२
६०० सेकंद: १.५ई-१२
१,२०० सेकंद: १.२ई-१२
१०,००० सेकंद: १.१ई-१२

१०० ला अजून काउंटरच बोलतोय, ते दिसतंय मला. १,२०० च्या पुढे सपाट आहे, आणि यावेळी मधले बिंदूही काढले आहेत, खड्डा नाही. १,२०० सेकंदांना सहसंबंध अधिक आलाय. आता तरी फ्लिकर म्हणू का?

घटिकापात्र

म्हण. पण १०,००० च्या बिंदूवर फार जीव लावू नकोस. तीन दिवसांत तसे २५ तुकडे पडतात, त्यातून आलेला आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो.

कोणाचा फ्लिकर, हे अजून शिल्लक आहे. त्याला तिसरं घड्याळ लागेल. घड्याळं क, ख, ग; कख, कग, खग अशा तीन जोड्या मोजायच्या. क च्या ॲलन डेव्हिएशनचा वर्ग म्हणजे कख चा वर्ग अधिक कग चा वर्ग वजा खग चा वर्ग, त्याचे निम्मे. तिन्ही साधारण एका दर्जाचे असले तर उत्तर नीट येतं. एक फारच चांगलं निघालं तर त्याचं उत्तर कधी कधी वजा येतं, घाबरायचं नाही. तिन्ही मोजमापं एकाच वेळी केलेली बरी.

लोलक

तिसरं घड्याळ आणू कुठून? जीपीएसची पल्स चालेल?

टिळकरोड_ते_आइंडहोवन

नुसती पल्स नको. रिसीव्हर ती आपल्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यालाच सोडू शकतो, त्यामुळे काही नॅनोसेकंदांची करवतीसारखी चूक बसते. १,००० सेकंदांना ती तुझ्या आकड्यांना गिळून टाकेल. चांगल्या ओसीएक्सओला जीपीएसने सावकाश लगाम घातलेला जीपीएसडीओ हवा.

माझ्याकडे एक आहे. जुलैत आईकडे पुण्याला येतोय, तिथून नागपूरला मावशीकडे. बॅगेत घालून आणतो, तीन दिवस तुझ्या टेबलावर राहू दे. अट एकच, एसी बंद.

लोलक

जुलैत पाऊस पडला असेल तर बंदच असतो, भाऊ. दुसरा काउंटर मात्र मलाच शोधावा लागेल. भंगारवाल्याला आजच फोन करतो.